साच्याचा धनी कोण?

ऑगस्ट २०२५चा तिसरा आठवडा आठवून पाहा. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या अॅपवर देशभर बंदी आली. त्याच सुमारास ‘चिरंजीवी हनुमान’ या चित्रपटाची घोषणा झाली. तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर तयार होणार असल्याचं कळताच विक्रमादित्य मोटवाने आणि अनुराग कश्यप या दिग्दर्शकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मोबाइलवर दोन्ही विषयांची चर्चा रात्र रात्र चालली. २७ तारखेला गणेश चतुर्थी होती. त्यामुळे पेण-रोह्याकडच्या ग्रुपांवर तिसरा वादही त्याच वेळी पेटलेला होता: यंदाच्या मूर्तींची रूपं, पडद्यावरच्या नायकांसारखे उभे राहिलेले गणपती, पीओपी आणि शाडू.

वरवर पाहता हे तीन वेगळे वाद आहेत. एक पैशांचा, एक यंत्राचा, एक श्रद्धेचा. पण पेणच्या कारखान्यात उभं राहून पाहिलं की ते एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. देवाला, वीराला, खेळातल्या पात्राला रूप देतो कोण? ते रूप लाखोंच्या हातात गेल्यावर त्या माणसाच्या पदरात काय पडतं? या वादांत श्रद्धाळू बोलतात, चाहते बोलतात, कंपन्या आणि वकील बोलतात. रूप घडवणारा मात्र त्यात कुठेच नसतो. त्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं सर्वांत आधीपासून आहेत, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

भोगावतीकाठचं गाव

पेणच्या मूर्तिकलेचा इतिहास सांगताना देवधर घराण्याचं नाव पहिलं घेतलं जातं. लोकमान्यांनी १८९३ साली उत्सव सार्वजनिक केला, मुंबई-पुण्याची मागणी वाढली आणि भोगावतीकाठच्या या गावाने ती भागवली. पुढे हा व्यवसाय शहराबाहेर पसरला. आज हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांतून फिरताना घराच्या पडवीत, शेडमध्ये, माळ्यावर, जागा मिळेल तिथे मूर्ती मांडलेल्या दिसतात. साचे भरणं, घासकाम, रंगकाम यांत बायकांचा वाटा फार मोठा आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यातच कंटेनरमध्ये भरल्या जातात, कारण समुद्रमार्गे अमेरिकेला किंवा मॉरिशसला चतुर्थीआधी पोचायचं तर त्यांना लवकर निघावं लागतं. म्हणजे इथे उत्सव संपला की थोड्याच दिवसांत पुढच्या उत्सवाचं काम लागतं.

या कामात एक माणूस सर्वांच्या आधी येतो. तो मूळ मूर्ती घडवतो, ज्याला कारखान्यात ‘मॉडेल’ म्हणतात. मातीतून एकच मूर्ती उभी करायची, तिच्यावरून रबराचा किंवा प्लास्टरचा साचा काढायचा आणि त्या साच्यातून शेकडो, कधी हजारो मूर्ती निघायच्या. मॉडेल करणाऱ्याला सगळं आधी दिसावं लागतं. सोंड कुठे वळली तर साच्यातून सुटताना मोडणार नाही? मोदकाचा हात किती पुढे आला तर ओल्या मातीचं वजन मनगटाला पेलेल? कान अंगाला किती चिकटलेले हवेत? पितांबराची चुणी किती खोल गेली तर रंगवणाऱ्या बाईचा ब्रश आत पोचेल? समोरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त प्रसन्न मूर्ती दिसते.

पेणचं नाव झालं ते मात्र आखणीमुळे. डोळे शेवटी आखतात. बाकीचं रंगकाम कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनने झपाट्याने होतं, पण डोळ्यांना हातच लागतो. बारीक ब्रशने आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. दोन्ही बुबुळं एकाच ठिकाणी पाहताहेत का, हे मूर्तीच्या समोर बसूनच ठरतं. तो ठिपका जरा इकडे तिकडे झाला तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते किंवा पेंगल्यासारखी. चांगला आखणी करणारा श्वास धरून एका ओढीत रेघ काढतो, कारण थांबलेली रेघ कळते.

पडद्यावरून पाटावर

मूर्तीवर पडद्याचा परिणाम आजकालच झाला, असं वादात नेहमी म्हटलं जातं. ते खरं नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत शिळाछापांनी घराघरातल्या देवांचे चेहरे बदलले. त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१७ साली ‘लंका दहन’ काढला. १९६७पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ आल्या आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांनी रेखाटलेला कृष्ण, राम, शिवाजी महाराज मुलांच्या मनात बसले. मुळीकांच्याच हाताने पुढे राज कॉमिक्सचा नागराजही पहिल्यांदा कागदावर उतरला. देव आणि सुपरहिरो एकाच कुंचल्यातून येऊ शकतात, हे मराठी कलावंतांनी केव्हाच दाखवून दिलं होतं. २००७ साली ‘बाल गणेश’ हा अॅनिमेशनपट आला आणि गुटगुटीत, गोल चेहऱ्याच्या बालमूर्तींना मागणी वाढली. २०१४ साली ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली आणि पुढची काही वर्षं भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगातले मल्हारी रूपातले गणपती घरोघर आले.

२०१५ साली ‘बाहुबली’ आला. खांद्यावर शिवलिंग घेऊन चालणारा नायक लोकांना भावला आणि त्या वर्षी तशाच ढंगाचे गणपती मांडवांत उभे राहिले. २०२२ साली ‘आरआरआर’मधल्या धनुर्धारी रामाच्या रूपातले गणपती आले आणि ‘पुष्पा’च्या ढंगातलेही. यांतल्या ‘पुष्पा’वर सर्वांत जास्त टीका झाली. एका बाजूचं म्हणणं होतं की सिनेमाचा नायक आणि देव यांची सरमिसळ हा अपमान आहे. दुसरी बाजू म्हणाली की गणपती चौसष्ट कलांचा देव आहे, त्याला कोणतंही रूप चालतं.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पाहिली नाही. मल्हारी रूप आलं तेव्हा एवढा गदारोळ झाला नव्हता, बाहुबली आला तेव्हाही नाही. कारण खंडोबा हा शंकराचा अवतार, म्हणून बापाच्या वेषात मुलगा शोभतो. शिवलिंग खांद्यावर घेतलेला गणपती हा पित्याला वाहून नेणारा पुत्र आहे. पडद्यावरून आलेली ती कल्पना पुराणाच्या घरात आपोआप सामावली. ‘पुष्पा’तला नायक रक्तचंदनाचा तस्कर. त्याची हनुवटीखालून हात फिरवायची लकब मूर्तीवर आली, पण तिला त्या घरात कुठलंच नातं सापडलं नाही. लोकांना खटकलं ते हेच. त्यांना फक्त शब्द सापडत नव्हते.

मूर्तिकाराला हा फरक हाताने कळतो. पेहराव, बैठक, आसन, मागची प्रभावळ बदलता येते. चेहरा, सोंड, वरद हस्त आणि मोदक यांना हात लावताना तो थांबतो. प्राणप्रतिष्ठा होणार आहे ती याच मूर्तीची, हे तो विसरत नाही. वादात दोन्ही बाजूंना जी कसोटी सापडत नाही, ती या थांबण्यात आहे.

बटणावर नाचणारे देव

हाच प्रश्न गेमिंगच्या जगाने वेगळ्या वाटेने गाठला. २००९ साली हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम प्लेस्टेशन २वर आला, तेव्हा अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी आक्षेप घेतला. २०१२ साली ‘स्माइट’ या अमेरिकी गेममधल्या कालीवरूनही त्यांनी निषेध केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की भक्ताने देवाच्या इच्छेने चालायचं असतं, इथे मात्र देवच खेळणाऱ्याच्या बोटावर चालतो. गेमिंगच्या चाहत्यांनी याची टिंगल केली. ग्रीक, नॉर्डिक देव चालतात, मग हिंदू देवांना वेगळा न्याय का, असा त्यांचा सवाल होता.

या वादाला सर्वांत सुंदर उत्तर पुण्यातून आलं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२०मध्ये गेम बाजारात आला आणि त्या वर्षीच्या द गेम अॅवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. यात खेळणाऱ्याच्या हातात देव नाही. त्याच्या हातात राजी आहे, पळवून नेलेल्या भावाला शोधणारी एक साधी मुलगी. दुर्गा आणि विष्णू तिच्याशी बोलतात, तिला शस्त्रं देतात. गोष्टीचे काही भाग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात, महालांच्या कमानी राजस्थानी आहेत. देव इथे देणारा राहतो आणि खेळणारा घेणारा. पेणच्या मूर्तिकाराने बाहुबलीतलं शिवलिंग उचलताना जो विवेक दाखवला, तोच पुण्याच्या या मुलामुलींनी कीबोर्डवर दाखवला. कुठे थांबायचं हे हाताला कळलं, की नवीन माध्यमाची भीती उरत नाही.

समोरून दिसणारं चित्र

२०२५च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीवर छायाचित्रांची जपानी अॅनिमेशनच्या धर्तीवर चित्रं करायचा छंद जगभर पसरला. स्टुडिओ जिब्लीच्या कलावंतांनी आयुष्यभर कमावलेली शैली कुणालाही काही सेकंदांत फुकट मिळू लागली. त्याच यंत्रांकडून गणपतीचीही असंख्य चित्रं निघतात. आज गिऱ्हाईक कारखान्यात येतं ते मोबाइलवर असं चित्र घेऊन आणि म्हणतं, अस्सा हवा.

ते चित्र दिसायला देखणं असतं. पण ते समोरूनच दिसतं. त्याला पाठ नसते, बैठक नसते, वजन नसतं. दागिन्यांची गुंतागुंत कुठल्याही साच्यातून सुटणारी नसते. बोटं कधी कधी सहा असतात. अंकुश हवेत तरंगतो. ते चित्र मातीत उतरवायचं तर मॉडेल करणाऱ्याला जवळजवळ सगळंच नव्याने रचावं लागतं: सोंड छातीला टेकवायची, प्रभावळ मागून आधारायची, हात पोटाजवळ घ्यायचे. म्हणजे यंत्राने फक्त मागणी नोंदवलेली असते. मूर्ती माणूसच घडवतो, आणि श्रेय मात्र चित्राला जातं.

संगणकाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. ब्लेंडरसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून पडद्यावरच मूर्ती घडवता येते, चारी बाजूंनी फिरवून पाहता येते आणि थ्रीडी प्रिंटरवर छापून तिच्यावरून साचा काढता येतो. एकच मॉडेल सहा इंची, दीड फुटी, पाच फुटी करता येतं. आज प्रत्येक मापाचं मॉडेल वेगळं घडवावं लागतं, त्यात किती महिने जातात हे कारखानदाराला विचारा. ज्याला माती कळते त्याच्या हाती हे साधन आलं, तर ते त्याचं बळ होईल. ज्याला माती कळत नाही त्याच्या हाती ते आलं, तर पेण त्याच्यासाठी निव्वळ मजुरी करणारं गाव होईल.

घडवणाऱ्याला हिशेबात न धरण्याची हीच चूक पीओपीच्या वादातही होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणारी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. राज्याने डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीचा अहवाल घेतला आणि ९ जून २०२५ला न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला, विकायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवून. पाणी वाचलं पाहिजे, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण पीओपी काही मिनिटांत घट्ट होतं आणि त्यात काथ्या घातला की मूर्ती हलकी असूनही टिकते. शाडू पावसाळी हवेत दिवसच्या दिवस वाळत नाही आणि वाळताना तडकतो. माती बदलली की साचा, जागा, वेळ आणि भांडवल सगळं बदलतं. हा हिशेब मांडल्याशिवाय कारखानदाराला दोष देणं अन्यायाचं आहे.

एका हंगामाची मालकी

आता मुख्य दुखणं. नवं मॉडेल गाजलं की बाजारातून त्याची एक मूर्ती विकत घ्यायची, तिच्यावर रबर चढवायचं आणि साचा काढायचा. मूळ कलाकाराने महिने घातलेलं काम अशा रीतीने दोन दिवसांत दुसऱ्याच्या शेडमध्ये जातं. पुढच्या हंगामात तेच रूप चार गावांत स्वस्तात मिळतं. त्या रूपाला लोक नाव देतात ते मांडवाचं, मालिकेचं, सिनेमाचं. घडवणाऱ्याचं नाव कुठेही नसतं.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे आणि तिच्यावरचा हक्क नोंदणीवाचूनही निर्माण होतो. पण याच कायद्याचं १५वं कलम सांगतं की डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी, पण न नोंदवलेली रचना औद्योगिक पद्धतीने ५०हून अधिक वेळा निघाली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. साच्यातून ५० मूर्ती निघायला किती वेळ लागतो? डिझाइन कायदा २००० सालचा. त्याखाली नोंद केली तर १० वर्षं, वाढवून १५ वर्षं संरक्षण मिळतं. मात्र रचना आधी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. आपला मूर्तिकार काय करतो? मॉडेल पूर्ण झालं की आनंदाने त्याचा फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो. तिथेच नोंदणीची वाट अवघड होते. कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात सांगितली. तो खटला वायुवाहू ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. मूर्तीला ती कसोटी कशी लागते, हे एखादा मूर्तिकार ठामपणे उभा राहिला तरच ठरेल.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या गेमिंगच्या नव्या कायद्याने पैसे लावलेल्या खेळांपुरता ‘कौशल्य की नशीब’ हा जुना वाद बाजूला सारला: पैसे लावले असतील तर खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी सारखीच. रमी कौशल्याचा खेळ आहे की नाही, यावर या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं. कौशल्याबद्दल इतकी वर्षं इतक्या बारकाईने वाद घालणाऱ्या आपल्याला, ज्याच्या कौशल्याबद्दल शंकाच नाही अशा माणसाची साधी नोंदवही करता आली नाही, याची मला खंत वाटते.

रोह्याच्या पाटावर

पेणहून दक्षिणेला जाणारी गाडी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचते. इथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. एका बाजूला धाटावची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कुंडलिका. कारखान्याच्या पाळीतून सुटलेला तरुण बसमध्ये मोबाइलवर बीजीएमआय हा गेम खेळतो आणि चतुर्थीच्या आधी घरच्या गणपतीसाठी पाट नेऊन देतो. हा पाट कोकणातल्या जुन्या रीतीचा भाग आहे. मूर्ती याच पाटावर बसवा, असं सांगून घरचा पाट आगाऊ कारखान्यात ठेवायचा. अनेक घरांत दर वर्षी एकाच बैठकीची, एकाच उंचीची मूर्ती येते. घराणं आणि मूर्तिकार यांचं नातं पिढ्यांचं असतं. गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखतं.

रोहा नव्याला घाबरणारं गाव नाही. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस तिला सलामी देतात. शास्त्रात ही सलामी कुठे लिहिलेली नाही. ती सरकारी गणवेशातून आली आणि देवाचा मान वाढवते म्हणून गावाने आपली केली. नवं स्वीकारायची हीच खरी मराठी रीत आहे. आधी विचारायचं की याने मान वाढतो का, नातं जुळतं का. जुळलं तर बिनदिक्कत घ्यायचं. मोबाइलवरच्या वादात ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ अशा दोन फळ्या पडतात. पाट घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात त्या नसतात.

काय करता येईल

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्सच्या धोरणाला मंजुरी दिली. २०५०पर्यंतचा विचार करून ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद आखली आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज उभी राहिली आहे. गेम आणि व्हीएफएक्सच्या उद्योगाला ज्या कारागिराची सर्वांत जास्त गरज असते, तो म्हणजे आकार समजणारा शिल्पकार. तसे कारागीर शेकडोंनी पेण तालुक्यात आहेत. त्यांना डिजिटल शिल्पकला शिकवायला परदेशातून कोणी यायला नको. पेणमध्येच एखादी कार्यशाळा, चार चांगले संगणक, एक मोठा थ्रीडी प्रिंटर आणि मराठीतून शिकवणारी माणसं पुरेशी आहेत. दिवाळी ते होळी हा काळ त्यासाठी योग्य, कारण रंगकामाची घाई तेव्हा सुरू झालेली नसते.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. प्रत्येक मॉडेलच्या पाठीवर, साच्यातच, घडवणाऱ्याचं नाव आणि साल कोरावं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीवर ते आपोआप उमटेल. कारखानदारांच्या संघटनेने नव्या मॉडेलची नोंदवही ठेवावी, फोटो ग्रुपवर जाण्याआधी डिझाइनची नोंद करून द्यावी आणि नक्कल करणाऱ्याकडून मूळ कलाकाराला ठरावीक रक्कम मिळेल असा आपसातला नियम करावा. एवढं केलं तरी हक्काची सुरुवात होईल.

तिसरी गोष्ट आपल्याकडून. पुढच्या वर्षी एखाद्या मूर्तीच्या रूपावरून, एखाद्या गेमवरून, एखाद्या यंत्राने काढलेल्या चित्रावरून वाद पेटेल. तेव्हा आधी विचारायला हवं की हे रूप कुणी घडवलं आणि त्याला काय मिळालं. मूर्ती घेताना कारखानदाराला मॉडेल करणाऱ्याचं नाव विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. हजार गिऱ्हाइकांनी विचारलं की ते नाव मूर्तीच्या पाठीवर आल्याशिवाय राहणार नाही.